दोन उंच्यांचा ओटा

सिंकखालच्या कपाटाचं दार धाकटीच्या हातात आलं, तेही बिजागरीसकट. तिनं ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि हाक मारली, “ताई, जरा येता का? दार निघालंय.”

थोरली आली. तिनं आत डोकावून पाहिलं. आतलं लाकूड भिजून भिजून पावासारखं फुगलं होतं, पाइप ठिबकत होता आणि वरच्या दगडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. तिनं चिरेवरून बोट फिरवलं, कमरेवर हात ठेवले आणि जाहीर करून टाकलं, “बास झाली डागडुजी. आता सगळं काढायचं आणि नवं करायचं.”

घरात तिचा शब्द खाली पडत नसे. घर दोन भावांचं, एका छपराखालचं. थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा, धाकटा शाळेत भूगोल शिकवायचा. मुलं मोठी होऊन शिकायला, नोकरीला बाहेर पडली होती. भाऊ बाहेर कितीही मोठे असले, तरी उंबऱ्याच्या आत राज्य दोघी जावांचं होतं, आणि त्यातही स्वयंपाकघर म्हणजे थोरलीची राजधानी. दीर तिला ‘सरकार’ म्हणायचा. आधी थट्टेनं, मग सवयीनं. पुढेपुढे तर भाजीवालाही विचारायला लागला, “सरकारांना आज काय देऊ?” थोरली वरवर रागवायची, पण आतून तिला ते आवडायचं.

जावांमध्ये कामाची वाटणी कधी कुणी केली नव्हती, ती आपोआप पडून गेली होती. शेगडी थोरलीची. फोडणी तीच देणार, मीठ तीच घालणार, आणि भांड्यावरचं झाकण दुसऱ्या कुणी उचललं तर तिच्या कपाळाला आठी पडणार. निवडणं, चिरणं, मळणं, घासणं, विसळणं हे धाकटीचं. थोरली बुटकी, गोल, सतत बोलणारी. धाकटी उंच, कमी बोलणारी. वरच्या फळीवरचा डबा हवा असला की थोरली मान वर न करताच म्हणायची, “अगं, तो डबा काढ,” आणि डबा तिच्या हातात यायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. भांडणं व्हायची, नाही असं नाही, पण चहा उकळेपर्यंत मिटायची.

सुतार मापं घ्यायला आला. फीत उघडत त्यानं विचारलं, “ओटा किती उंच ठेवायचा?”

“आहे तेवढाच,” थोरली म्हणाली. “आमच्या सासूबाईंनी बांधून घेतलेला आहे. आजवर कुणाची तक्रार नाही.”

“हा फार खाली आहे हो. हल्ली एवढा खाली कुणी ठेवत नाही.”

“हल्लीच्या लोकांचं मला सांगू नका.”

धाकटी दाराशी उभी होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सुतारानं वाद घातला नाही. “तुम्ही एकदा दुकानात जाऊन या,” एवढंच तो म्हणाला. “दगड बघा, कप्पे बघा, डोळ्यांनी बघितलं की ठरवायला सोपं जातं.”

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. थोरलीच्या खांद्याला भलीमोठी पिशवी होती आणि ती चांगलीच जड दिसत होती. धाकटीनं विचारलं, “यात काय घेतलंय?”

“साक्षीदार,” थोरली म्हणाली.

दुकान म्हणजे मोठा दिवाणखानाच होता. त्यात ओळीनं स्वयंपाकघरं मांडून ठेवली होती. प्रत्येक लखलखीत, प्रत्येकात एक रिकामी फळांची परडी, आणि एकातही कधी दूध उतू गेलेलं नाही. एक तरतरीत मुलगी पुढे आली आणि हसून म्हणाली, “काय दाखवू?”

“तो पांढरा दगड दाखव,” थोरली म्हणाली. दारातून आत शिरताक्षणी तिच्या नजरेत तोच भरला होता. दुधासारखा पांढरा, त्यात धुरासारख्या करड्या रेषा. तिनं त्यावरून हात फिरवला आणि मनातल्या मनात त्याच्यावर आपली कढई ठेवूनही पाहिली.

“हा तर सगळ्यांना आवडतो,” मुलगी म्हणाली.

“मग याचा एक तुकडा दे. नमुन्याचा.”

तुकडा आला. थोरलीनं पिशवीत हात घातला आणि अर्धं लिंबू काढलं. मुलीला काही कळायच्या आत ते दगडावर पिळलं. मग तेलाची बाटली काढून चार थेंब टाकले, चिमूटभर हळद भुरभुरली, आणि सगळं बोटानं चोळून म्हणाली, “आता हे असंच राहू दे. आम्ही बाकीचं बघून येतो.”

मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. धाकटी पदर तोंडावर धरून हसत होती.

मग थोरलीचा दौरा सुरू झाला. चकचकीत दारांवर तिनं तेलकट बोटं टेकवली आणि उमटलेले ठसे मुलीला दाखवले. “हे रोज कोण पुसणार? तू येणार?” नळ सोडून पाहिला, बंद केला, थेंब पडतोय का म्हणून कान लावला. खालचे कप्पे ओढून पाहिले. रिकामे असताना सगळेच लोण्यासारखे सरकत होते. मग तिनं पिशवीतून लोखंडी तवा काढला, त्याच्यावर खलबत्ता ठेवला आणि कप्पा जोरात ढकलला. पहिल्या कप्प्यानं आचका दिला. दुसरा मध्येच अडकला. तिसरा सुळकन आत जाऊन शेवटच्या क्षणी आपणहून हळू झाला आणि आवाज न करता मिटला.

“हा खानदानी आहे,” थोरली म्हणाली. “हा लिहून घे.”

दुकानाचा मालक काउंटरवरून उठून बघायला आला होता. त्याला वाटलं असावं, कुणीतरी तपासणीलाच आलंय. त्यानं खुर्ची मागवली, पाणी मागवलं. थोरलीनं पाणी घेतलं, खुर्ची नाकारली.

परत येऊन पाहिलं तर पांढऱ्या दगडावरची हळद पुसली तरी पिवळी छटा राहिली होती आणि लिंबू पडलं होतं तिथली चकाकी गेली होती. थोरलीनं त्याच्याकडे एकदा हळहळून पाहिलं आणि त्याचा निरोप घेतला. मग करड्या, काळ्या, हिरवट दगडांच्या तुकड्यांची अशीच परीक्षा झाली. शेवटी पारव्याच्या पाठीसारखा एक करडा निघाला. लिंबू, तेल, हळद, सगळं सोसून, एकदा फडकं फिरवल्यावर जसाच्या तसा. तिनं तव्याचा काठ त्याच्यावर खरडून पाहिला, तरी चरा नाही.

“हा बघ, हा!” विजयानं तिनं वळून पाहिलं. धाकटी मागे नव्हती.

थोरली शोधायला निघाली. फरशांच्या मांडणीमागे नाही, दिव्यांच्या विभागात नाही. शेवटच्या कोपऱ्यात एक मांडलेलं स्वयंपाकघर होतं, तिथे कुणीतरी उंच बाई पाठमोरी उभी होती. मधल्या फळीवरून तिचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते. ताठ मान, सरळ पाठ, खांदे मोकळे. कुठल्या तरी मोठ्या घरची असावी, असं थोरलीच्या मनात येऊन गेलं. तिनं तिथूनच विचारलं, “अहो बाई, माझी जाऊ दिसली का इकडे?”

बाईनं मागे वळून पाहिलं.

“ताई, मीच की!”

थोरली फळीला वळसा घालून गेली आणि बघतच राहिली. धाकटी सिंकपाशी उभी होती. हा ओटा दुकानानं कुणा उंच गिऱ्हाइकासाठी करून ठेवलेला, बाकीच्यांपेक्षा हातभर नाही तरी वीतभर नक्की उंच. धाकटीचे हात नळाखाली होते, पण पाठ वाकलेली नव्हती. आपण हिला रोज बघतो, सकाळपासून रात्रीपर्यंत बघतो, आणि हे आपण कधी पाहिलेलं नाही, हे थोरलीला एकदम उमगलं.

“तू एवढी उंच आहेस?”

“आहेच की,” धाकटी हसली. “लग्नाच्या फोटोत मला खुर्चीवर नाही का बसवलं होतं? तुमच्या दिरांपेक्षा उंच दिसेन म्हणून.”

“मग घरी अशी का नसतेस?”

“ओटा खाली आहे ना, ताई.”

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, की जणू बाहेर ऊन आहे असं सांगत होती.

“कंबर दुखते?”

“दुखते. भांडी घासताना जास्त. सिंक अजून खोल जातं ना.”

“आणि हे मला कधी सांगावंसं वाटलं नाही?”

धाकटीनं हात पुसले. “तुम्हाला तो बरोबर होता. शिवाय सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमची धाकटी बघा, कशी मान खाली घालून काम करते. फुकट कौतुक होत होतं, ते कशाला घालवा?”

दुकानातली मुलगी खुदकन हसली. थोरलीला मात्र हसू आलं नाही. ती पुढे झाली आणि धाकटीला बाजूला करून स्वतः त्या ओट्यापाशी उभी राहिली. ओटा तिच्या छातीशी आला. तिनं पिशवीतला तवा वर ठेवला. आतलं दिसायला टाचा उचलाव्या लागल्या. बाजूच्या, नेहमीच्या उंचीच्या ओट्याशी उभी राहिली, तर तिथेही कोपर वर धरूनच ढवळावं लागलं असतं. आणि त्याच ओट्याशी धाकटीला उभं केलं, तर ती पुन्हा वाकली.

“म्हणजे दुकानात जे मिळतं ते ना तुझ्या उपयोगाचं, ना माझ्या,” थोरली म्हणाली.

घरी जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. धाकटीला काळजी वाटायला लागली, कारण हे फार विचित्र होतं. घरात पाऊल ठेवताच थोरलीनं पिशवी टाकली, शिवणाच्या डब्यातली फीत काढली आणि म्हणाली, “उभी राहा भिंतीशी. चपला काढ. कोपर वाकव.”

तिनं जमिनीपासून धाकटीच्या कोपरापर्यंत माप घेतलं, त्याच्याखाली चार बोटं सोडली आणि खडूनं भिंतीवर रेघ मारली. मग धाकटीला फीत देऊन स्वतः उभी राहिली. दुसरी रेघ पहिल्यापेक्षा चांगलीच खाली आली. दोघी मागे सरकून त्या दोन रेघांकडे बघत राहिल्या.

“खालच्या रेघेवर शेगडी,” थोरली म्हणाली. “ती माझी. वरच्या रेघेवर सिंक आणि चिरायची जागा. ती तुझी.”

“ताई, वाईट दिसेल. पायरीसारखं.”

“मग पायरी दिसेल. त्यात काय?”

“आणि मग तुमचे डबे वर नकोत,” धाकटी म्हणाली. आता तिलाही जोर चढला होता. “तो खानदानी कप्पा शेगडीच्या खाली घ्या. सगळं मीठमसाल्याचं त्यात. ओढलं की समोर.”

“म्हणजे मी तुला हाका मारायच्या नाहीत?”

“मारा की. पण डब्यासाठी नको.”

त्या संध्याकाळी दोघींनी खडूनं अख्खी भिंत भरवली. सिंकखाली लाकूड अजिबात नको, स्टीलचं कपाट, खाली पाय उघडे, म्हणजे पाणी सांडलं तरी दिसेल, हे धाकटीनं सुचवलं. दारांचा रंगही तिनंच निवडला, मोहरीच्या फुलांसारखा पिवळा. थोरलीला तो भडक वाटला, पण ती गप्प राहिली, आणि तिच्या दृष्टीनं हा मोठाच त्याग होता. दीर शाळेतून आला, भिंतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “वा! सरकारांनी सरहद्द आखलेली दिसते.”

गवंड्यानं मान हलवली. त्याचं म्हणणं, दोन पातळ्या जिथे मिळतात तिथून पाणी शेगडीवर उतरेल. हे मात्र खरं होतं. थोरली त्यावर दिवसभर अडून बसली. शेवटी वरच्या दगडाच्या कडेला बोटभर उंच काठ ठेवायचा आणि उतार सिंककडे द्यायचा, असं तिघांनी मिळून ठरवलं. दगड बसल्यावर गवंड्यानं कडेला बादलीभर पाणी ओतून दाखवलं. सगळं सिंककडे पळालं. तेव्हा तो स्वतःच्याच कामावर खूश होऊन हसला.

दगड बसला त्याच दिवशी नणंद आली. ती दोघा भावांची थोरली बहीण, जवळच राहायची, आणि माहेरच्या घरात काय चाललंय हे आपल्याला आधी कळलं पाहिजे असं तिचं ठाम मत होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी ती थबकली. एकदा खालच्या ओट्याकडे पाहिलं, एकदा वरच्या.

“हे काय? दोन ओटे?”

“हो, वन्सं. कसे वाटले?” थोरलीनं कौतुकाच्या अपेक्षेनं विचारलं.

नणंदेचे डोळे भरून आले. “चूल वेगळी करायची होती तर निदान मला सांगायचं तरी! आईनं हे घर एकत्र ठेवायला काय काय केलं…”

“अहो, चूल कुठे वेगळी—”

पण नणंद पुढचं ऐकायला थांबली नाही. आणि रस्त्यात तिला कितीजण भेटले कोण जाणे, कारण दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. थोरल्याच्या मामांनी फोनवर खाकरून विचारलं, की वरचा मजला कुणाकडे गेला. भूगोलाच्या मास्तरांना शाळेतल्या सहकाऱ्यानं पाठीवर हात ठेवून धीर दिला. घड्याळांच्या दुकानात एक जुना ओळखीचा आला, घड्याळ काही दाखवलं नाही, नुसताच सुस्कारा टाकून गेला.

तिसऱ्या दिवशी थोरला दुकान बंद करून घरी आला तोच तणतणत. “गवंड्याला बोलवा. तो वरचा ओटा काढा आणि सगळा एका पातळीवर करा. लोक तोंडावर विचारायला लागलेत.”

“लोकांना काय सांगितलंत?”

“काय सांगणार? ओटा दिसतोय ना दोन तुकड्यांत! घराची शोभा व्हायला लागलीय. एकाच उंचीचा करा, विषय संपला.”

धाकटी लगेच म्हणाली, “करू या ना, भावोजी. मला चालेल.” आणि थोरलीनं पाहिलं, बोलताना तिची मान खाली गेली होती.

थोरली नवऱ्याशी भांडली नाही. ती शांतपणे म्हणाली, “ठीक आहे. उद्या तुमची सुट्टी आहे. गवंडी येईल तेव्हा बोला त्याच्याशी. फक्त सकाळी आम्हा दोघींना फरशा बघायला जायचंय. तेवढं बटाटे सोलून, चिरून ठेवा, आणि भांडी घासून टाका. आपल्या घरचे आणि गवंडी, सुतार, सगळे जेवायला आहेत.”

ओट्याचं काम चालू होतं तोवर मागच्या ओसरीत तात्पुरता स्वयंपाक व्हायचा. विटांवर जुन्या ओट्याचाच एक धड तुकडा ठेवला होता, आणि सवयीनं तो अगदी जुन्याच उंचीला रचला गेला होता. शेजारी पाण्याचं घमेलं, तेही तेवढंच खाली. थोरला आडमाप उंच नसला तरी धाकटीच्या जवळपास होता. घड्याळांपुढे आयुष्यभर खुर्चीत बसून काम केलेलं. बटाट्यांचं काय एवढं, म्हणून त्यानं बाह्या सरसावल्या.

जावा परत आल्या तेव्हा निम्मे बटाटे चिरून झाले होते. उरलेल्या निम्म्यांसमोर तो एक हात दगडावर आणि एक कमरेवर ठेवून उभा होता. भांड्यांच्या घमेल्याकडे त्यानं पाठच फिरवली होती.

“झालं का?” थोरलीनं विचारलं.

“हा दगड कुणी एवढा खाली ठेवलाय?”

“तुमच्या आईनं.”

त्यानं सावकाश पाठ सरळ केली, तेव्हा कुठेतरी कट्कन वाजलं. मग त्याची नजर धाकटीकडे गेली. ती नेहमीप्रमाणे पुढे होऊन, वाकून, त्याच्या हातातली सुरी घ्यायला लागली होती. सुरी न देता तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला.

“रोज?” त्यानं विचारलं.

“रोज,” उत्तर थोरलीनं दिलं.

गवंडी आला तेव्हा थोरला त्याला दारातच भेटला. “ते वरचं आहे ना,” तो म्हणाला, “त्याचा काठ जरा अजून गुळगुळीत करून द्या. हाताला लागायला नको.” आणि भांडी घासायला मात्र तो उभा राहिला नाही, बसून घासली, पण घासली.

महिन्याच्या शेवटी स्वयंपाकघर तयार झालं. थोरलीनं सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं, आणि नणंदेला सगळ्यांच्या आधी, स्वयंपाक चालू असतानाच यायला सांगितलं. नणंद आली ती चेहरा लांब करूनच. थोरलीनं तिला स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची दिली.

“बसा, वन्सं. आणि बघा. शेगड्या किती आहेत?”

“एक,” नणंद पुटपुटली.

“फ्रीज?”

“एकच.”

“मीठ कुठल्या डब्यात आहे?”

“मला काय माहीत?”

“एकाच डब्यात आहे, म्हणून विचारलं. उंच्या वेगळ्या केल्या आम्ही, वन्सं. त्या वेगळ्याच होत्या. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या, एवढंच.”

नणंद बसून बघत राहिली. खिडकीतून येणारं ऊन करड्या दगडावर पसरलं होतं. खालच्या बाजूला थोरली भांड्यात वरून बघत ढवळत होती, टाचा जमिनीवर टेकलेल्या. वरच्या बाजूला धाकटी कांदा चिरत होती, इतक्या भरभर, की सुरीचा एकसारखा आवाज येत होता. चिरून झालं की ती ताट नुसतं काठावरून खाली सरकवायची आणि थोरली न बघता ते झेलून भांड्यात रिकामं करायची. दोघींनाही जागचं हलावं लागत नव्हतं. एकदा ताट जरा लवकर सरकलं आणि थोरली ओरडली, “अगं, हळू!” धाकटी मान मागे टाकून हसली.

“ही एवढी उंच होती?” नणंदेनं विचारलं.

“होती,” थोरली म्हणाली, आणि आपण स्वतः तिला मोठं केल्यासारखी फुलली. “आपल्या घरात सगळ्यांत उंच. तुमच्या दोन्ही भावांपेक्षा. बघायचंय उभं करून?”

जेवायला आलेल्या प्रत्येकाला नणंदेनंच स्वयंपाकघर दाखवलं. मामांना तर तिनं हात धरून आत नेलं आणि “चूल एकच आहे, मोजून घ्या” असं सुनावलं, जणू काही शंका आधी मामांनीच काढली होती. थोरलीनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिला तेवढी सवड नव्हती. लोक कप्पे उघडून बघत होते आणि प्रत्येकाला खानदानी कप्पा कसा मिटतो ते दाखवायचं होतं. एक चूक मात्र राहिलीच होती. कोपऱ्यातलं पिवळं दार पूर्ण उघडलं की फ्रीजला आपटायचं. कुणाच्या नजरेला येऊ नये म्हणून थोरली पाहुण्यांचा ओघ संपेपर्यंत जमेल तेवढा वेळ त्याच्यासमोर उभी होती.

काही दिवसांनी समोरच्या घरातली शेजारीण आली. तिच्याही स्वयंपाकघराचं काम निघालं होतं. “तुमच्या ओट्याचं माप मिळेल का? मी तेवढाच करून घेते म्हणते. सगळीकडे नाव झालंय त्याचं.”

थोरलीनं उत्तर द्यायला छाती भरून श्वास घेतला. मग तो तसाच सोडून दिला आणि आत हाक मारली, “अगं, ये जरा. तुझ्याकडे काम आहे यांचं.” स्वतः चहाचा कप घेऊन खुर्चीत बसली.

धाकटी आली. शेजारणीनं पुन्हा माप मागितलं. धाकटीनं मान हलवली. “आमचं माप तुमच्या काय कामाचं? तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?”

शेजारीण घुटमळली. “खरं सांगू? आमचे हेच करतात. मला नाही जमत.”

“मग तुम्ही कशाला आलात? त्यांना पाठवा. चपला काढून यायचं म्हणावं.”

थोरलीला चहाचा ठसका लागला. हिचा आवाज असा कधी ऐकला होता आपण? तिला कुणाला तरी सांगावंसं वाटलं, ही माझी जाऊ, बघा, पण खोलीत शेजारणीशिवाय कुणी नव्हतं आणि ती तर बघतच होती.

संध्याकाळी शेजारी आले. ओशाळत दारात चपला काढल्या आणि नव्या पिवळ्या दारांशेजारी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. धाकटीनं फीत उलगडली.

“कोपर वाकवा,” ती म्हणाली. “आणि सरळ उभे राहा. मापात खोटं चालत नाही.”